औरंगजेबाची दख्खन मोहीम आणि मोगल साम्राज्याची दमछाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर १६८१ मध्ये औरंगजेब अजमेरहून दक्षिणेकडे निघाला, तेव्हा त्यानं साठी ओलांडली होती. उरलेलं सगळं आयुष्य त्यानं दख्खनमध्ये लढण्यात घालवलं आणि मार्च १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला. याच काळात मोगल साम्राज्य सर्वाधिक पसरलं आणि याच काळात त्याची आर्थिक नाडी सुटत गेली. मराठ्यांच्या बाजूनं या युद्धाबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं आणि ते हवंच. इथं भर मोगलांच्या हिशेबावर आहे. समोरच्याला हे युद्ध किती महागात पडत होतं हे कळल्याशिवाय संताजी-धनाजी नेमकं काय करत होते, हेही नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

औरंगजेब दक्षिणेत आला तो शिवाजी महाराज गेले म्हणून का?

तेवढ्यासाठी नाही. महाराजांचं निधन एप्रिल १६८० मध्ये झालं. तेव्हा औरंगजेब राजपुतान्यात अडकला होता. जोधपूरचा जसवंतसिंह १६७८ च्या अखेरीस वारल्यावर मारवाड खालसा करण्याचा घाट बादशहानं घातला आणि राठोडांशी युद्ध ओढवून घेतलं. त्या युद्धावर पाठवलेला त्याचाच मुलगा अकबर जानेवारी १६८१ मध्ये उलटला. स्वतःला बादशहा म्हणवून घेतलं, बंड फसलं, आणि दुर्गादास राठोडच्या सोबतीनं तो थेट संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मराठ्यांनी बुऱ्हाणपूरची पेठ लुटली होती.

बंडखोर शहजादा, राजपूत आणि मराठे एकत्र येणं ही कुठल्याही मोगल बादशहाची झोप उडवणारी गोष्ट होती. स्वतः औरंगजेब बाप जिवंत असताना भावांना मारून गादीवर आलेला. शहजाद्याच्या बंडाचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळणार? म्हणून तो जातीनं आला. राजपुतांशी घाईघाईनं जुळवून घेतलं आणि मोहरा दक्षिणेकडे वळवला.

मोहिमेत नेमका किती मुलूख मिळाला?

सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडलं आणि आदिलशाही संपली. सप्टेंबर १६८७ मध्ये गोवळकोंडा पडला, तोही फितुरीनं दरवाजा उघडल्यावर. त्याआधी सुमारे आठ महिने मोगल फौज पावसात, चिखलात आणि उपासमारीत त्या किल्ल्याखाली बसली होती. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजी महाराज संगमेश्वरला पकडले गेले, मार्चमध्ये त्यांची हत्या झाली, आणि वर्षअखेरीस रायगड पडून येसूबाई व बाळ शाहू कैदेत गेले. १६९० च्या सुमारास काबूलपासून पार तमिळ प्रदेशापर्यंत मोगल अंमल सांगितला जात होता. इतकं पसरलेलं साम्राज्य त्याच्या आधीच्या एकाही मोगल बादशहाकडे नव्हतं.

मुलूख वाढला म्हणजे वसूलही वाढला असेल ना?

गोची इथंच आहे. मोगल कारभारात प्रत्येक परगण्याचे दोन आकडे असत. एक जमा, म्हणजे कागदावर धरलेला महसूल. दुसरा प्रत्यक्ष वसूल. उत्तरेतल्या गंगा-यमुनेच्या पट्ट्यात या दोन्हींत त्यातल्या त्यात मेळ असे. दख्खनमध्ये कधीच नव्हता.

हे औरंगजेबाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. १६५२ मध्ये तो दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा चार सुभ्यांची जमा सुमारे तीन कोटी बासष्ट लाख रुपये होती आणि हातात येत होते जेमतेम एक कोटी. सुभ्याचा खर्च भागत नाही, माळवा-गुजरातकडून पैसे आणावे लागतात, अशी तक्रार तेव्हा तो स्वतः शाहजहानकडे करत होता. मुर्शिद कुली खान या दिवाणानं ओसाड गावं वसवून, तगाई, म्हणजे शेतीसाठी कर्ज, देऊन, जमिनी मोजून वसूल थोडा सावरला. पण त्याला शांतता लागते, आणि १६८१ नंतर दख्खनमध्ये शांतता उरली नाही.

ज्या माणसाला हे सगळं तरुणपणापासून माहीत होतं, त्यानंच म्हातारपणी पुन्हा याच जमिनीच्या भरवशावर युद्ध लांबवावं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

मनसब आणि जागीर यांचा या सगळ्याशी काय संबंध?

खूप जवळचा. मोगल सरदाराला मनसब मिळे, म्हणजे दर्जाचा आकडा. त्यावरून त्याचा पगार आणि त्यानं बाळगायचे घोडेस्वार ठरत. पगार बहुधा रोख मिळत नसे. तेवढ्या जमेचे परगणे जागीर म्हणून लावून दिले जात. त्यांचा वसूल घ्यायचा आणि त्यातून स्वार पोसायचे.

आता दख्खनच्या युद्धात शत्रूकडचा किल्लेदार, सरदार, देशमुख फोडायचा तर त्याला काय द्यायचं? मनसब. विजापूर-गोवळकोंड्याचे बेकार झालेले सरदार कुठं सामावायचे? मनसबदारीत. एक हजारी आणि त्यावरच्या मनसबदारांची इतिहासकारांनी केलेली मोजणी पाहा. १६५८ ते १६७८ या काळात असे ४८६ सरदार होते, त्यांत मराठे २७. पुढे १६७९ ते १७०७ मध्ये एकूण ५७५ आणि त्यांत मराठे ९६. हे नवे लोक बादशहाच्या प्रेमापोटी आलेले नव्हते. त्यांना जागीर हवी होती, आणि ती मिळेना किंवा मिळाली तरी तिथून पैसा येईना, की ते परत पलीकडे जात.

जागीर देण्यासाठी राखून ठेवलेल्या मोकळ्या जमिनीला पायबाकी म्हणत. ती आटत गेली. इनायतुल्ला खान या दिवाणानं बादशहाला कळवलं, की रोज नवे लोक नोकरीत घेतले जात आहेत, त्यांना अंत नाही, जमिनीला मात्र आहे. मनसब मिळूनही जागिरीविना वर्षानुवर्षं दरबारात खेटे घालणारे सरदार दिसू लागले. जागीर मिळाली की कारकुनांना पैसे चारायचे, ती काढून दुसऱ्याला दिली की पुन्हा चारायचे. अशा सरदारानं हजेरीला पूर्ण स्वार आणावेत ही अपेक्षाच फोल होती. कागदावर हजार आणि मैदानात त्याच्या निम्मेही नाहीत, ही फौज मराठ्यांमागे धावत होती.

म्हणजे जमीन खरोखर कमी पडली?

इथं अभ्यासकांत एकमत नाही. एक बाजू म्हणते, सरदार फार आणि जमीन थोडी, साधा हिशेब. दुसरी बाजू कुतुबशाही मुलखाचे कागद पुढे करते. गोवळकोंड्याचा बराचसा चांगला प्रदेश औरंगजेबानं जागिरीत वाटलाच नाही. युद्धाचा रोख खर्च भागवायला तो खालसात, म्हणजे थेट सरकारी वसुलीत ठेवला. या मताप्रमाणे टंचाई काही अंशी बादशहानं स्वतः निर्माण केली होती.

मला दुसरं मत पटतं, पण त्यानं निष्कर्ष फारसा बदलत नाही. चांगली जमीन अडकवून ठेवावी लागली ती युद्धासाठीच. आणि उरलेल्या जागिरी ज्या भागात दिल्या, तिथं मराठ्यांची घोडी आधी पोचलेली असत.

आदिलशाही आणि कुतुबशाही बुडवणं ही चूक होती का?

मराठ्यांना आळा घालायला या दोन शाह्या ठेवायला हव्या होत्या, असं पुष्कळ जण म्हणतात. हे मत अर्धंच खरं आहे. १६८० च्या दशकात दोन्ही राज्यं इतकी पोखरली होती की त्यांच्याकडून मराठ्यांना रोखणं होणार नव्हतं. पण त्या बुडवल्यामुळे दोन गोष्टी घडल्या. नोकरी गेलेले हजारो स्वार मोकळे झाले, आणि त्यांतले बरेच मराठ्यांच्या झेंड्याखाली गेले. शिवाय पार कर्नाटकापर्यंतचा कारभार, ठाणी, वाटा सांभाळण्याचं ओझं एकट्या मोगलांवर आलं. ते पेलायला माणसं नव्हती. विजापूरचं तर फार वाईट झालं. शहर पडल्यावर दोन वर्षांत प्लेगची साथ आली, बादशहाची बेगम औरंगाबादी महल त्यात गेली, फिरोजजंगासारख्या बड्या सरदाराची दृष्टी गेली. शहरात सामान्य माणसं किती मेली याची गणती कुणी ठेवली?

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर युद्ध संपलं का नाही?

कारण मोडायला एक राजधानी, एक दरबार, एक फौज असं काही उरलंच नव्हतं. राजाराम महाराज तमिळ प्रदेशातल्या जिंजीला गेले. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य हुकुमतपनाह म्हणून कारभार पाहत होते. संताजी घोरपडे, धनाजी जाधव आणि अनेक लहान-मोठे सरदार आपापल्या बळावर लढत होते. विजापूर घेऊन शाह पकडला की राज्य संपतं, हे गणित इथं लागू पडेना.

जिंजीचा वेढा १६९० ला सुरू झाला आणि जानेवारी १६९८ मध्ये किल्ला पडला. तोवर राजाराम महाराज निसटले होते. एवढी वर्षं का लागली? मोगल सरदारांचं आपसात पटत नव्हतं. शहजादा कामबक्षचे मराठ्यांशी गुपचूप निरोप चालतात म्हणून सेनापती जुल्फिकार खानानं बादशहाच्या मुलालाच कैद केलं. पुढं खुद्द जुल्फिकार खानानंच वेढा मुद्दाम रेंगाळत ठेवला, असंही बोललं गेलं.

दुसरीकडे नोव्हेंबर १६९५ मधलं दोड्डेरीचं प्रकरण पाहा. आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यातलं हे गाव. कासीम खान बड्या सरदारांसह येत होता. मोगल रीतीप्रमाणे त्याचा पेशखाना, म्हणजे मुक्कामाचे तंबू आणि सामान, आदल्या दिवशीच पुढं गेला होता. संताजींनी फौजेचे तीन भाग केले. एकानं पेशखाना लुटला, दुसरा खानाच्या आडवा आला, तिसरा खानाची छावणी लुटून गेला. मोगल दोड्डेरीच्या छोट्या गढीत घुसले. आत धान्य नाही, जनावरं झोपड्यांच्या छपराचं गवत खाऊ लागली. कासीम खान तिथंच मेला, त्यानं विष घेतलं असंही म्हणतात. बाकीच्यांनी वीस लाख रुपये खंडणी कबूल करून जीव सोडवला. एका लढाईत इतकी रक्कम, शिवाय घोडे, हत्ती, तोफा. मोगलांचा पैसा हाच मराठ्यांच्या युद्धाचा खजिना झाला होता.

शेवटच्या वर्षांत औरंगजेबानं किल्ल्यामागून किल्ले घेतले. मग ते टिकले का नाहीत?

ऑक्टोबर १६९९ मध्ये भीमेकाठची ब्रह्मपुरीची छावणी सोडून तो स्वतः किल्ले घ्यायला निघाला. वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. यादी जबरदस्त दिसते. कसे घेतले ते पाहिलं की चित्र बदलतं.

साताऱ्याचा वेढा डिसेंबर १६९९ मध्ये सुरू झाला. आत प्रयागजी प्रभू होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला तेव्हा आतले मराठे ढिगाऱ्याखाली गेले, प्रयागजीही गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसरा सुरुंग उलटा फुटला. तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्याला दबा धरून बसलेले जवळजवळ दोन हजार मोगल सैनिक त्याखाली चिरडले. मेलेल्यांची प्रेतंही कुणी काढेना, म्हणून चिडलेल्या पायदळानं आपल्याच वेढ्याच्या लाकडी बांधकामाला आग लावली. काही दिवसांनी किल्ला मिळाला तो वाटाघाटीनं. किल्लेदाराला मोगलांची मनसब मिळाली.

विशाळगडाला सहा महिने गेले. जून १७०२ मध्ये परशुराम त्र्यंबक यांनी दोन लाख रुपये घेतले आणि आपल्या माणसांसह किल्ला सोडला. पावसाळा लागला होता. तिथून पन्हाळ्यापर्यंतचे सुमारे तीस मैल परतायला बादशाही फौजेला महिन्याहून जास्त लागला. ओढे तुडुंब, तोफा चिखलात, तंबू वाहून गेलेले. सिंहगडासाठीही पैसा मोजला गेला. तोरणा मात्र मोगलांनी खरोखर चढून, लढून घेतला.

मराठ्यांचा हिशेब साधा होता. किल्ला शक्य तितका लढवायचा, बादशहाचा एक हंगाम आणि लाखो रुपये खर्ची पाडायचे, पावसाळ्याच्या तोंडावर पैसे घेऊन उतरायचं, आणि छावणी पुढं सरकली की परत घ्यायचा. राजगड, सिंहगडासारखे किल्ले शंकराजी नारायण सचिवांनी काही वर्षांतच पुन्हा स्वराज्यात आणले.

बादशाही छावणी खरंच एवढी मोठी होती?

हो. १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगल्याला आलेल्या जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशानं तीस मैल घेराची छावणी, अडीचशे बाजार आणि पाच लाख माणसं असा आकडा दिला आहे. प्रवाशांचे आकडे थोडे फुगलेले धरले तरी ते एक चालतं शहरच होतं, आणि त्या शहराला रोज धान्य, वैरण, सरपण लागत होतं. ते आणायचे बंजाऱ्यांचे तांडे. मराठे तांड्यांवर पडत. तांडे थांबले की छावणी उपाशी.

पावसानंही हाल केले. १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरला रात्री अचानक पूर आला. मराठे आले समजून बादशहा घाईनं उठला, पडला आणि गुडघा निखळला. पुढं तो कायम लंगडत चालला. दरबारी लोकांनी याला तैमूरलंगाचा वारसा म्हणून त्याची समजूत काढली.

रयतेचं काय झालं?

या प्रश्नाला आपल्या पुस्तकांत सगळ्यात कमी जागा मिळते. एकाच गावाकडे मोगल जागीरदार वसूल मागे, मराठ्यांचा कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, मागे, आणि देशमुख आपला हक्क मागे. मोगल मुलखात मराठ्यांनी आपले सुभेदार, कमाविसदार आणि जकातीचे राहदार नेमले होते. वेढ्याच्या आसपास दहा-पंधरा कोसांत उभं पीक राहत नसे. बैल ओढून नेले की पुढच्या वर्षी नांगर कसा धरणार?

१७०२ ते १७०४ या काळात दुष्काळ आणि साथ एकदम आली. निकोलाओ मनुची हा तेव्हा भारतात राहणारा व्हेनिसचा माणूस वीस लाखांहून जास्त माणसं मेल्याचं लिहितो. आकडा कुणी तपासलेला नाही, पण झाडं-पिकं नाहीशी होऊन माणसा-जनावरांची हाडं पसरलेला मुलूख हे त्याचं वर्णन इतर साक्षींशी जुळतं. बुऱ्हाणपूरचा भीमसेन सक्सेना, जो मोगलांच्याच नोकरीत होता, तोही जागीरदारांचा जुलूम आणि मराठ्यांना जाऊन मिळणारे जमीनदार यांबद्दल कळवळून लिहितो. शेत गेलं की कुणबी भाला घेऊन कुणाच्या तरी पागेत जाई. त्यामुळे मुलूख जितका उजाड, तितके स्वार जास्त.

मराठ्यांच्या बाजूचा म्हणून हे लपवायचं कारण नाही. चौथाई देणारा शेतकरीही मराठीच बोलत होता.

तोवर उत्तरेत काय चाललं होतं?

बादशहा नाही, त्याचे उत्तम सरदार नाहीत, आणि पैसा दक्षिणेकडे निघालेला. १६८८ मध्ये राजाराम जाटाच्या माणसांनी आग्र्याशेजारी सिकंदऱ्याला खुद्द अकबर बादशहाची कबर लुटली. मारवाडात राठोड लढतच होते. बंगालमध्ये शोभासिंगचं बंड झालं. त्याचा फायदा घेऊन इंग्रजांनी कलकत्त्याला तटबंदीची परवानगी मिळवली, तोच पुढचा फोर्ट विल्यम. पंजाबात १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी शिखांचा खालसा पंथ स्थापन केला, आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १७१० मध्ये, बंदा बहादूरनं सरहिंद घेतलं.

शेवटी शेवटी बादशाही फौजेचे पगार तीन-तीन वर्षं थकले. भरवशाचा पैसा उरला होता तो बंगालचा. तिथला दिवाण (नाव पुन्हा मुर्शिद कुली खानच, पण हा वेगळा माणूस) दरवर्षी सुमारे एक कोटी रुपये दख्खनकडे पाठवी, आणि त्या खजिन्याच्या वाटेकडे सगळी छावणी डोळे लावून बसे.

मग तह का केला नाही?

संधी आल्या होत्या. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारल्यानंतर ताराबाईंनी मुलासाठी मनसब घेऊन काही किल्ले देण्याची बोलणी लावली. बादशहाला सगळे किल्ले हवे होते. पुढे शाहूंना सोडून समझोता करायचे प्रयत्न झाले, तेही अविश्वासानं फिसकटले. इतकी वर्षं, इतका पैसा घातल्यावर अर्ध्यावर तह करणं म्हणजे हार मान्य करणं होतं. काही सरदारांनाही युद्ध सोयीचं पडत होतं. मराठ्यांशी आतून संधान ठेवून ते आपली जागीर वाचवत.

मार्च १७०६ मध्ये धनाजींनी गुजरातेत रतनपूरला मोगलांना झोडपलं. त्याच सुमारास आजारी बादशहा अहमदनगरला परतला होता, आणि मराठे त्याच्या छावणीच्या आसपास फिरत होते.

साम्राज्य कोसळलं ते फक्त दख्खनमुळे का?

फक्त म्हणता येणार नाही. वारसायुद्धाची जुनी रीत होतीच. १७०७ च्या जूनमध्ये जाजाऊला औरंगजेबाचा मुलगा आजमशहा पडला, जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ कामबक्ष. १६७९ चा जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, आणि राजपूत युद्ध यांनी जुने आधार दूर केले. पण आधीची वारसायुद्धं साम्राज्यानं पचवली होती. या वेळी विजेत्या बहादूरशहाकडे वाटायला जमीन नव्हती, आणि तरी त्यानं सढळ हातानं मनसबी वाटल्या. १७२४ मध्ये निजामुल्मुल्कानं दख्खनमध्ये आपला जम बसवला. त्याचे आजोबा गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफगोळा लागून मेले होते, बाप फिरोजजंग. दख्खन जिंकण्यात ज्या घराण्याच्या दोन पिढ्या गेल्या, त्याच घराण्यानं दख्खन दिल्लीपासून तोडली.

मराठ्यांवर या युद्धाचा काय परिणाम झाला?

राज्याची घडण बदलली. शिवाजी महाराज वतनं-जहागिरी देण्याच्या विरुद्ध होते. जिंजीच्या काळात सरदार टिकवायला सरंजाम आणि वतनं द्यावी लागली, दुसरा उपाय नव्हता. त्यातून पराक्रमी पण आपापल्या मुलखाचे मालक असलेले सरदार उभे राहिले. मे १७०७ मध्ये आजमशहानं शाहूंना सोडलं आणि ताराबाई-शाहू संघर्ष सुरू होऊन सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. येसूबाई तीस वर्षांच्या कैदेनंतर तेव्हाच परतल्या.

या इतिहासाच्या खुणा आज कुठे पाहता येतील?

सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी माचणूरचा किल्ला आहे. ब्रह्मपुरीची छावणी इथंच होती, शेजारी सिद्धेश्वराचं मंदिर आहे. तुळापूर आणि वढू बुद्रुक पुण्याजवळ आहेत. अजिंक्यताऱ्यावर, म्हणजे साताऱ्याच्या किल्ल्यावर, जाताना औरंगजेबानं त्याचं नाव आजमतारा ठेवलं होतं हे लक्षात असू द्या, आणि तिथून परळीचा सज्जनगडही बघून घ्या. औरंगजेबाची कबर खुलदाबादला झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात आहे. तिच्याभोवतीची संगमरवरी जाळी विसाव्या शतकातली, निजामाच्या काळात बसवलेली आहे. विशाळगड ते पन्हाळा ही वाट बरेच जण पावन खिंडीच्या आठवणीत पावसाळ्यातच चालतात. त्यांना १७०२ च्या परतीची कल्पना वेगळी द्यावी लागणार नाही.